मेन स्विचजवळचा पाहुणा

पाटस, ता. दौंड
३ फेब्रुवारी २०२५

चि. गौतमीस,

शंकरमामाचा जयभीम आन् पोटभर आशीर्वाद. विनंती विशेष लिहायची रीत हाय. पण विनंती तुझ्यापुढं चालत न्हाई, म्हणून विशेष तेवढं लिहितो.

आमच्या पोरानं, महेंद्रानं, तुला सांगितलंच असेल. जानेवारीत मी दोनदा पडलो. एकदा साखर कारखान्यात, पाक आटवायच्या पॅनच्या मजल्यावर, एकदा घरी मोरीपाशी. दोन्ही वेळा अर्ध्या मिनिटात उठून बसलो. तू फोन केला व्हतास, पण अठ्ठावीस हंगाम त्या यंत्रांच्या घरघरीत काढल्यावर कानात काय उरतं ते तुला ठाऊक हाय. मी फोनवर नुसतं हां हां म्हणतो. परवा महेंद्रानं विचारलं, विहिरीवरची जुनी मोटर विकून टाकू का, मी हां म्हणालो. आता मोटर न्हाई. म्हणून पत्र.

दौंडच्या डॉक्टरांनी कार्डिओग्राम काढला. त्यात काही सापडलं न्हाई. ठोका मधीच चुकत असेल, पुण्याला दाखवा म्हणाले. तुझी आई म्हणाली, गौतमी म्हणते चक्कर आली की लिहून ठेवा. तर आमच्या लॉगबुकासारखे सात रकाने आखून तक्ता केलाय, सोबत जोडलाय. तारीख, वेळ, बसलो का उभा, सगळं हाय.

शेवटचा रकाना शेऱ्याचा. तो डॉक्टरला दाखवू नको, ते माझं आन् पॅनचं हाय. दोन्ही वेळा पडायच्या आधी पाक करपल्याचा वास आला. माझ्या पॅनमधला पाक आजवर कधी करपला न्हाई. कारखान्यात वास आला तवा मी पॅनकडं पळालो आन् तिथंच पडलो. घरी आला तवा वाटलं, दुसऱ्या पाळीवाल्यानं घोळ घातला, वारा इकडं आला. हे बाहेर फुटलं तर लोक म्हणतील, शंकररावाचं लक्ष उडालं. घरात वरण बुडाला लागलं तरी तुझी मामी अजून माझ्याकडं बघते, करपल्याचा वास मलाच आधी येतो म्हणून.

लोभ तू मोजून देतेस ते ठाऊक हाय, पण माप आखडू नको.

तुझा मामा,
शंकर


शिरूर
९ फेब्रुवारी २०२५

ती. स्व. मामांस,

गौतमीचा सविनय जयभीम. वि. वि. पत्र आणि तक्ता शुक्रवारी मिळाला. आईची तब्येत ठीक आहे. माझी कामाची पाळी बदलली आहे, त्यामुळे उत्तर रविवारी लिहीत आहे.

तक्ता चांगला आहे. दोन दुरुस्त्या सुचवते. किती वेळ बेशुद्ध होतात हे तुम्ही लिहू नका, ते तुम्हाला कळणे शक्य नाही. मामींना घड्याळ बघायला सांगा. आणि त्यांना मनगटावरची नाडी धरायला शिकवा. अंगठ्याने नाही, मधल्या दोन बोटांनी. अंगठ्याला स्वतःची नाडी असते, ती फसवते.

पुण्याच्या हृदयाच्या डॉक्टरांसाठी मी तक्त्याची स्वच्छ नक्कल केली आहे, ती सोबत आहे. शेऱ्याचा रकाना काढला आहे. तुम्ही सांगितले म्हणून नव्हे. नोव्हेंबर ते मार्च पाटसला साखरेचा वास नाही असा एक तास जात नाही. जी गोष्ट सारखी आहेच, तिच्यावरून काही निदान होत नाही. इथे रांजणगावला आम्ही दाबाची आणि तापमानाची उपकरणे तपासतो तेव्हा असे आकडे बाजूलाच ठेवतो.

पॅनच्या मजल्यावर एकट्याने जाऊ नका. पाकात दाणा धरला की नाही हे दोन बोटांत चोळून सांगणारा माणूस कारखान्याला पुन्हा मिळेल, आम्हाला मामा मिळणार नाही. हे वाक्य भावनेचे नाही, तुमच्या बहिणीचे आहे. तिने लिहायला सांगितले.

मामींना जयभीम. आपला लोभ आहे तसा राहू द्यावा.

आपली,
गौतमी


पाटस
२० मार्च २०२५

चि. गौतमीस,

जयभीम व आशीर्वाद. बाकी खुशाली पुढं येतेच हाय.

दहा तारखेला पट्टा पडला. गाळप संपलं, भोंगा झाला, आता ऊस येणार न्हाई नोव्हेंबरपर्यंत. पॅन उघडून धुवायचं काम सुरू हाय. गावात एवढं शांत झालंय की मला ऐकू येत न्हाई हे मला आता ऐकू येतं.

पुण्याला जाऊन आलो. छातीला एक यंत्र चिकटवून आठवडाभर ठेवलं. नेमकं त्यात पंधरा तारखेला सकाळी सापडलं. डॉक्टरनं कागद उलगडून दाखवला. ठोका, ठोका, ठोका, मग नुसती सरळ रेघ, अकरा सेकंद, मग परत ठोका. मी म्हणालो, हा कागद दुसऱ्याचा असंल. डॉक्टर हसले न्हाईत. छातीत पेसमेकर बसवायचा, ठोका थांबला की तो ढकलतो. बावीस एप्रिल तारीख दिलीय.

त्यांनी बरंच खोदून विचारलं. पडायच्या आधी काही दिसतं का, ऐकू येतं का, वास येतो का, मळमळतं का. मी न्हाई म्हणालो. तुझी मामी शेजारी बसली व्हती, तिनं माझ्याकडं पाहिलं, पण तिला तरी काय ठाऊक. तू नक्कल केलेला तक्ता दिला. इतका नीट तक्ता कुणी आणत न्हाई म्हणाले. मी म्हणालो, भाची इंजिनिअर हाय. छाती फुगवली तर तारा निघाल्या.

जयंतीला शिरूरला येतो. ठोका थांबला तर थांबला, मिरवणूक चुकवायची न्हाई.

आईला सांग, मोटर गेली पण पाणी हाय. माया पातळ करू नको.

तुझा मामा,
शंकर


शिरूर
१५ एप्रिल २०२५

ती. स्व. मामांस,

सविनय जयभीम. वि. वि. काल सायंकाळी महेंद्रदादा तुम्हाला गाडीने घेऊन गेला. तुम्ही सुखरूप पोचलात हे समजले. काल सकाळी काय झाले हे तुम्ही मला तीनदा विचारलेत आणि तीनदा विसरलात, म्हणून लिहून देते. हे पत्र तुमच्या डॉक्टरांनाही दाखवायचे आहे.

नऊ वाजून चाळीस मिनिटे झाली होती. तुम्ही खुर्चीत बसून चहा पीत होतात. आई पोहे करत होती. तुम्ही मान वर केली, नाक ओढले आणि आईला म्हणालात की पाक करपतोय, वाफ बंद कर. आईला वाटले तुम्ही चेष्टा करताय. ती म्हणाली की इथे पाक नाही, पोहे आहेत आणि तेही अजून टाकले नाहीत. तुम्ही पुन्हा म्हणालात, वाफ बंद कर. मी वास घेतला. घरात फक्त कांद्याचा आणि चहाचा वास होता.

मी घड्याळ पाहिले. पुढचे वीस सेकंद तुम्ही समोर बघत होतात, पण आमच्याकडे नाही. ओठ काही चावल्यासारखे हलत होते. उजव्या हाताने शर्टाचे बटण चाचपत होतात. नाव घेतले तर उत्तर नाही. या सगळ्या वेळात तुमची नाडी चालू होती, कारण मी तोपर्यंत मनगट धरले होते.

मग नाडी थांबली.

मी जागा चुकली असेल म्हणून बोटे सरकवली. मानेला हात लावला. तिथेही काही नव्हते. तुमचा चेहरा राखेसारखा झाला, मान खाली आली. आई आणि मी तुम्हाला जमिनीवर आडवे केले. चौदा सेकंद, मामा. पंधराव्याला माझ्या बोटाखाली एक ठोका आला, मग थोडा उशिरा दुसरा, मग सगळे रांगेने आले. तुम्ही डोळे उघडून विचारलेत, चहा गार कसा झाला.

रात्रभर मी एकच गोष्ट तपासत होते. हृदय बिघडून माणूस पडतो तेव्हा आधी ठोका जातो आणि मग शुद्ध जाते. तुमचा क्रम उलटा होता. आधी नसलेला वास, मग नजर हरवली, आणि ठोका शेवटी. बिघाड छातीतून डोक्याकडे गेला नाही. डोक्यातून छातीकडे आला.

शिरूरमध्ये पॅन नाही. पाटसलाही दहा मार्चपासून पॅन थंड आहे. जो वास मी 'सारखा असतोच' म्हणून रकान्यासकट कापून टाकला, तीच एक गोष्ट डॉक्टरांना हवी होती. त्यांनी तोंडी विचारलेही होते. तुम्ही पॅनची अब्रू राखण्यासाठी लपवलेत, मी हुशारीने गाळले. माझी चूक मोठी आहे, कारण मोजमाप हे माझे काम आहे. दोन महिने गेले.

आज सकाळी डॉक्टरांशी फोनवर बोलले. त्यांनी पेसमेकर तूर्त थांबवला आहे आणि डोक्याचा एमआरआय सांगितला आहे. तपासणीच्या वेळी काही लपवू नका.

लोभ कमी झाला असल्यास समजू शकते.

आपली,
गौतमी


पाटस
२८ एप्रिल २०२५

चि. गौतमीस,

जयभीम, आन् नेहमीपेक्षा दोन ओंजळी जास्त आशीर्वाद. लोभ कमी झाला का म्हणून लिहितेस. तो काय वजनाचा काटा हाय, एक वस्तू उचलली की खाली यायला.

तुला एक सांगायचं राहिलंय. पंधरा मार्चला, ते यंत्र छातीला व्हतं तवा, शुद्धीवर आल्यावर मी चालत कारखान्यात गेलो व्हतो. वर जाऊन बघितलं तर पॅनचं झाकण उघडं, आत दोन माणसं बसून घासत व्हती. थंडगार. तरी नाकात वास. तवा मला कळलं की पॅन करपत न्हाई, मी करपतोय. डोकं फिरलं असं वाटलं. कुणाला सांगणार. त्यापेक्षा काळजात बिघाड बरा, त्याला लोक नावं ठेवत न्हाईत.

पुण्यात तीन दिवस डोक्याला आन् छातीला एकदम तारा लावून ठेवलं. दुसऱ्या दिवशी आला झटका. नंतर डॉक्टरनं पडद्यावर दाखवलं. वर मेंदूची रेघ, खाली काळजाची. वरची रेघ एकाएकी उकळायला लागली, पाक उतू जातो तशी. खालची आपली शांतपणे चाललीय, तिला पत्ताच न्हाई. बावीस सेकंदांनी खालची रेघ सपाट. गौतमी, मी माझंच मरण आन् परत जगणं खुर्चीत बसून बघितलं. तुझी मामी पदर तोंडाला लावून बघत व्हती.

एमआरआयमध्ये डाव्या कानाच्या वर, कवटीच्या आत गाठ निघाली. सुपारीएवढी. मेंदूत न्हाई, मेंदूवरच्या पडद्याला चिकटून. कॅन्सर दिसत न्हाई म्हणाले, पसरणारी न्हाई, पंधरा वर्षं मुकाट वाढत असेल. मी विचारलं, एवढी साधी गाठ काळीज कशी थांबवते. डॉक्टर म्हणाले, असं फार कमी लोकांत व्हतं. ठोका चुकणाऱ्या शंभर जणांत बहुतेकांचं दुखणं काळजातच असतं. पण ही जिथं टेकलीय तिथल्या मेंदूचा ठोक्यावर हात असतो. ती खुपली की तिथं विजेचं वादळ उठतं आन् काळजाला थांब असा हुकूम जातो. काळीज निरोगी हाय. ते फक्त हुकूम पाळतं.

मला वाटलं, गाठ कसली, हा एखादा पाहुणाच हाय. भांडत न्हाई, काही मागत न्हाई, पण खुर्ची टाकून बसलाय नेमका मेन स्विचजवळ. हात हलला की घरभर अंधार.

आता काढायची म्हणतात. पण डावीकडं शब्दांची जागा हाय म्हणे, तिथं धक्का लागला तर बोलणं जाऊ शकतं. काहींचं परत येतं, काहींचं पूर्ण येत न्हाई. दुसरा रस्ता, गोळ्या आन् पेसमेकर. मला काही सुचत न्हाई. तू काय म्हणतीस.

उत्तर लांबवलंस तरी चालेल, माया लांबवू नको.

तुझा मामा,
शंकर


पाटस
४ मे २०२५

चि. गौतमी,

ताईबाई मामीचा जयभीम. मला लिवायची सवं न्हाई, सातवीनंतर हेच मोठं पत्र. चुकलं तर हस, पण वाच.

तू महेंद्राला फोनवर आकडे सांगितलं म्हणं. शंभरात इतक्यांचं बोलणं परत येतं, शंभरात इतक्यांचं न्हाई. त्यानं कागदावर लिवून त्यांच्यापुढं ठिवलं. त्यांनी कागद घडी करून खिशात टाकला आन् चार दिस झालं, निराळंच चाललंय. सकाळी उठलं की घरभर हिंडत्यात आन् दिसंल त्या वस्तूला हात लावून नाव घेत्यात. पातेलं. परात. उलथनं. किसणी. कडी. कोयंडा. शाळंतल्या पोरावानी. मी इचारलं, ह्ये काय. तर म्हणाले, कोणती नावं जात्यात त्ये नंतर कळाया पायजे, म्हणून आधी मोजून घेतो. म्हटलं, त्यात माजं नाव न्हाई ऐकलं. तर म्हणाले, तुजं इसरायला ह्याच्यापेक्षा मोठी गाठ लागंल.

मला हसू आलं. मग मोरीत जाऊन रडले.

पोरी, तू लई शिकलेली. पण शंभरातलं सांगू नगंस. आमच्या घरात शंभर न्हाईत. एकलेच हायती. तू काय ते एक सांग. त्यांचा माज्यावर इश्वास हाय, पण मी बायकू हाय, मी रडून सांगते म्हणत्यात. तू रडत न्हाईस, म्हणून तुजं ऐकतील.

तुज्या आईस जयभीम. उन्हात हिंडू नगंस. मामीला इसरू नगंस.

ताईबाई


शिरूर
७ मे २०२५

ती. स्व. मामांस,

सविनय जयभीम.

करा.

एवढेच लिहायचे ठरवले होते, पण अर्धा कागद कोरा पाठवणे बरे दिसत नाही, म्हणून कारणे लिहिते. गाठ आहे तिथेच राहिली तर वाढणार आणि दाबणार. गोळ्या झटके रोखतील, कदाचित सगळे नाही. पेसमेकर ठोका चालू ठेवील, पण वास येईल, नजर जाईल, आणि त्या वीस सेकंदांत तुम्ही जिन्यावर असाल की रस्त्यावर हे पेसमेकरला कळणार नाही. हृदयाच्या डॉक्टरांचेही हेच मत आहे. आधी गाठ काढावी, मग आठवडाभर ठोके मोजावेत, मग पेसमेकरचे बघावे.

ही सगळी कारणे खरी आहेत. पण मी 'करा' म्हणते ते त्यांच्यामुळे नाही. त्या दिवशी चौदा सेकंद तुमचा हात माझ्या हातात होता. मला ते पुन्हा मोजायचे नाही.

मामींना सांगा, मी रडत नाही हे त्यांचे निरीक्षण सर्वसाधारणपणे बरोबर आहे.

सोमवारी रजेचे बघते. ऑपरेशनच्या दिवशी मी तिथे असेन. शब्द गेले तर आपण परत आणू. मी पाच वर्षांची असताना तुम्ही मला साखरेचा दाणा काचेवर ठेवून भिंगातून दाखवला होता आणि प्रत्येक बाजूचे नाव सांगितले होते. तेवढा वेळ माझ्याकडेही आहे.

लोभ असो, आणि या वेळी मीही तो मागून घेते आहे.

आपली,
गौतमी


शिरूर
२६ मे २०२५

ती. स्व. मामांस,

सविनय जयभीम. वि. वि. हे पत्र तुम्हाला आत्ता वाचता येणार नाही. अक्षरे दिसतात पण जुळत नाहीत असे तुम्ही खुणेने सांगितलेत. डॉक्टर म्हणतात सूज उतरेल तसे जुळेल. जुळले की वाचा. तोपर्यंत मामींनी वाचून दाखवू नये, त्या मध्ये स्वतःचे घालतात.

ऑपरेशन एकोणीस तारखेला झाले. सकाळी आठला तुम्हाला आत नेले, दीडला बाहेर आणले. दुसऱ्या दिवशी भूल देणाऱ्या डॉक्टर बाई वॉर्डात आल्या. मी त्यांना विचारले की आत ठोका कसा होता. मी काय काम करते ते त्यांनी विचारले आणि मग खोलीत नेऊन मला नोंदीची लांब पट्टी दाखवली.

अकरा वाजेपर्यंत तुमचा ठोका अडुसष्टच्या आसपास होता. अकरा वाजून सहा मिनिटांनी सर्जननी गाठ पडद्यापासून ओढायला सुरुवात केली. अडुसष्ट, एकसष्ट, चव्वेचाळीस, एकोणतीस. बाई म्हणाल्या की अशा वेळी त्या ओरडत नाहीत, फक्त म्हणतात, हात. सर्जननी दोन्ही हात वर केले. कुणी औषध दिले नाही. कुणी छातीला हात लावला नाही. आठ सेकंदांत ठोका सहासष्टवर आला. त्यांनी पुन्हा ओढली, ठोका पुन्हा उतरला. हात वर, ठोका वर. असे तीनदा. चौथ्या वेळी गाठ सुटून आली आणि रेघ हललीसुद्धा नाही.

मी बाईंना विचारले, म्हणजे सिद्ध झाले का. त्या म्हणाल्या, नाही. तो पडदा ओढला की तिथल्या नसेतून असा निरोप हृदयाला जातो, ज्यांना कधी चक्कर आली नाही अशांतही तो दिसतो. तुमच्या झटक्यांची वाट आणि ही वाट वेगळी असू शकते. त्यांनी खरे सांगितले हे मला आवडले.

पण मामा, मी ती पट्टी पाहिली आहे. मी रोज उपकरणे उघडते. एक भाग हलवला आणि दुसरा हलला तर मधे तार, नळी किंवा दांडा असतो, आणि तो मला सापडतो. इथे माणसाच्या कवटीत कानाच्या वर कुणीतरी हात लावला आणि हातभर खाली छातीतली मूठ ते ऐकून मंदावली. हात उचलला तसे तिने ते काही न विचारता सोडून दिले. त्या खोलीत मी बराच वेळ बसले. बाई चहा प्यायला गेल्या आणि परत आल्या तरी मी तिथेच होते. माझ्या आत हेच सगळे आत्ता चालू आहे, हे वाक्य शाळेपासून माहीत होते. त्या दिवशी मला ते पहिल्यांदा खरे वाटले, आणि थोडी भीती वाटली.

गाठीचा अहवाल आला. साधीच आहे, पूर्ण निघाली आहे.

काल तुम्हाला पाणी हवे होते आणि तुम्ही उलथनं म्हणालात. मामींनी लगेच पाणी दिले. मी विचारले, कसे कळले. त्या म्हणाल्या, तीस वर्षांत त्यांनी बरोबर नाव घेऊन कधी काही मागितले आहे का.

लोभ आहेच. शब्द येतील तसा कळवावा.

आपली,
गौतमी


पाटस
२ जुलै २०२५

चि. गौतमीस,

जयभीम, आशीर्वाद. हे पत्र तीन दिवस लिहितोय. शब्द अडला की उठून वस्तूपाशी जातो, तिला हात लावतो, मग येतो. पाचातले चार परत आलेत. पाचवा कधी येतो, कधी तुझी मामी मुद्दाम चुकीचा देते आन् मी तोच लिहितो. महेंद्राला परवा मी गेणबा म्हणालो. गेणबा आमच्या बैलाचं नाव व्हतं. महेंद्र म्हणाला, बरंच बरोबर हाय.

तुझं मेमधलं पत्र आता वाचलं. दोनदा वाचलं. मग बाहेर जाऊन बसलो आन् मानेला बोटं लावून ठोका ऐकला. किती वेळ ते ठाऊक न्हाई. साखरेचा दाणा धरतो तवा पॅनमधी एक क्षण असा येतो, पाक नुसता पाक असतो आन् पुढच्या क्षणी त्यात लाखो दाणे चमकतात. कुणी केलं ते दिसत न्हाई. अठ्ठावीस हंगाम बघितलं तरी मला दर वेळी गप्प व्हायला व्हतं. तसं झालं.

सात दिवसांचं यंत्र लावून काढलं. सात दिवसांत एकही थांबा न्हाई. हृदयाचे डॉक्टर म्हणाले, पेसमेकर नको. पण झटक्याची गोळी वर्षभर घ्यायची, आन् वर्षभर पॅनच्या मजल्यावर चढायचं न्हाई, उंची आन् चालती यंत्रं बंद. म्हणजे येता हंगाम खालून बघायचा. हे मला गोळीपेक्षा कडू लागतंय. साहेब, ते मोठे, नाव आत्ता येत न्हाई, खाली प्रयोगशाळेत बसा म्हणाले.

एक विचारतो. तुझ्या पद्धतीनं आता सिद्ध झालं का, की त्या गाठीनंच काळीज थांबत व्हतं. मला लोक विचारतात. मी म्हणतो, भाचीला विचारून सांगतो.

उत्तर खरं दे. माया जशी जमेल तशी.

तुझा मामा,
शंकर


शिरूर
६ जुलै २०२५

ती. स्व. मामांस,

सविनय जयभीम. वि. वि. पत्र मिळाले. 'प्रयोगशाळेत' हा शब्द बरोबर लिहिला आहे. तो सोपा नाही.

तुमच्या प्रश्नाचे उत्तर. गाठ होती, वादळ तिथून उठत होते, वादळानंतर ठोका थांबत होता. एवढे त्या दोन रेघांवरून पक्के म्हणता येते. आता ठोका थांबत नाही, हेही पक्के. पण तो गाठ गेली म्हणून थांबत नाही की गोळी चालू आहे म्हणून, हे आज कुणी सांगू शकत नाही. वेगळे करून पाहायचे तर गोळी बंद करून बघावे लागेल. कामावर मी असे सहज करते. एक गोष्ट काढून घ्यायची आणि काटा हलतो का ते बघायचे.

मी डॉक्टरांना फोन करून विचारले. ते म्हणतात, वर्षभर सगळे ठीक राहिले तर पुढच्या जूनमध्ये गोळी हळूहळू कमी करून पाहता येईल, तुमची इच्छा असेल तर. त्यांना पुढच्या वर्षीपर्यंत कळेल. मला मात्र ते कळून घेण्याची घाई नाही. आयुष्यात पहिल्यांदा मला एखादा आकडा नको आहे. लोकांना सांगा, भाचीला माहीत नाही.

तरी जून येईलच, आणि गोळी कमी करायचे तुम्ही ठरवाल, कारण तुम्हाला वर चढायचे आहे. त्या आठवड्यात मी पाटसला येऊन राहणार आहे. आमच्या कंपनीच्या संगणकात पुढच्या वर्षीची रजा टाकता येत नाही, म्हणून काल कागदावर अर्ज लिहून साहेबांना दिला. ते म्हणाले, गौतमी, अजून अकरा महिने आहेत, कारण काय लिहू. मी कारणाच्या जागी तुमचे नाव लिहिले. त्यांनी दोनदा वाचले आणि सही केली.

मामींना सांगा, त्या आठवड्यात मी त्यांच्या खोलीत झोपेन आणि स्वयंपाक त्याच करतील. आईही येईल म्हणते.

आपला लोभ आहे, हे मी आता न मोजता धरून चालते.

आपली,
गौतमी